तूरिनने नाव लपवलं, तिथेच त्याचा घात झाला

गुहागरचा वाचक:
टोल्किन यांची 'द चिल्ड्रन ऑफ हुरिन' (2007) या पावसाळ्यात दुसऱ्यांदा वाचली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हुरिन हा योद्धा मॉरगॉथ या दुष्ट सत्ताधीशापुढे झुकला नाही, म्हणून मॉरगॉथने त्याच्या पोराबाळांना शाप दिला. मुलगा तूरिन जिथे जाईल तिथे नवं नाव घेतो. माझं म्हणणं, त्याला शापापेक्षा ही सवय भोवली.

पहिलंच घ्या. एल्फ या अमर वंशाच्या राजाच्या दरबारातल्या माणसाचा जीव गेला, म्हणून आता कैद होणार असं धरून तो पळाला आणि लुटारूंत जाऊन 'नेइथान', म्हणजे अन्याय झालेला, म्हणवू लागला. पण राजाने तर त्याला माफ केलं होतं! त्याचा एल्फ मित्र बेलेग तो निरोप घेऊन आला, तरी हा परत गेला नाही. ज्या अन्यायाचं नाव लावलं, तो अन्याय झालाच नव्हता. पुढे नार्गोथ्रोंड या एल्फांच्या भूमिगत नगरीत खरं नाव दडवून राहिला. काळी तलवारवाला 'मॉरमेगिल' म्हणजेच तूरिन, हे आई-बहिणीला कळलं ते नार्गोथ्रोंड पडल्यावर. त्या शोधायला निघाल्या, ड्रॅगनने बहिणीची स्मृती पुसली आणि याने तिला 'नीनिएल' नाव देऊन तिच्याशीच लग्न केलं. वेळेवर एक निरोप धाडला असता तर?

देवबागची होडी:
माका ह्यां पटणा नाय. हादोर या पूर्वजाचं शिरस्त्राण घालून 'गोर्थोल' झाला, तेव्हा त्या शिरस्त्राणावरूनच मॉरगॉथला त्याचा पत्ता लागला. ओळख उघड झाली की शत्रू दारात, मग लपवू नको तर काय करू? आणि लग्नाआधी, ती राहत होती तिथल्या लोकांचा प्रमुख ब्रांदिर, त्याने नीनिएलला सांगितलं होतं की हा हुरिनचा तूरिन. तिच्या मनावर सावली पडली, पण आठवलं काहीच नाही. नाव कळूनही अनर्थ टळला नाही.

आमच्या आजोबांनी एक जुनी होडी घेतली. तिच्यावरचा एक माणूस बुडाला होता, त्या नावाने खलाशी चढेनात. आजोबांनी नाळेवर रंग मारून नवं नाव घातलं, मग माणसं आली, घर चाललं. होडी ओली झाली की रंगाखालची जुनी अक्षरं उठून दिसायची. ती सगळ्यांना दिसत होती, कोणी फसलं नाही. नवं नाव माणसाला दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागता यावं म्हणून असतं. चुकून बेलेगचाच जीव घेतल्यावर तूरिन स्वतःला 'अगारवाएन', रक्ताने माखलेला, म्हणाला. ही पळवाट म्हणता?

कुडाळची रात्र:
मला तूरिन वाचताना सारखा कर्ण आठवतो. जत्रेत रात्रभर दशावतार बघत वाढले, कर्ण तिथेच भेटला. वसुषेण, राधेय, वैकर्तन ही नावं त्याला लोकांनी दिली. खोटी ओळख त्याने एकदाच सांगितली, परशुरामांना, आणि तिथेच शाप लागला. पुढे कृष्णाने खरं कूळ सांगितलं, तेव्हा मोठं नाव समोर असूनही तो राधेयच राहिला. तूरिनला असं एकही नाव धरून ठेवता आलं नाही. नार्गोथ्रोंडचा एल्फ ग्विंदोर त्याला बजावतो की नियती तुझ्या नावात नाही, तुझ्यातच आहे. तरी पुढे हा 'तुरांबार', नियतीचा स्वामी, म्हणवतोच. माझा कौल गुहागरकरांना, पण दोष लपवण्याचा नाही, गर्वाचा.

गुहागरचा वाचक:
अगारवाएनबद्दल देवबागकर, तुमचं मान्य. तेवढं एक नाव त्याने प्रामाणिकपणे घेतलं. पण त्यातही बापाचं नाव 'उमार्थ', दुर्दैव, असं लावलं. जो बाप मॉरगॉथपुढे झुकला नाही, त्याला दुर्दैव म्हणायचं? हे मला अजून खुपतं.

देवबागची होडी:
खुपू दे. पण शेवटी तूरिनच्या थडग्यावरचा दगड आठवा. एल्फांनी त्यावर तूरिन तुरांबार, ग्लाउरुंगचा, म्हणजे त्या ड्रॅगनचा, काळ, असं कोरलं. खाली बहिणीची दोन्ही नावं, निएनोर नीनिएल, तिचा देह तिथे नसताना. तुम्ही ज्याला गर्व म्हणता ते 'तुरांबार' मागे राहिलेल्यांनी पुसलं नाही. अगारवाएन मात्र त्या दगडावर नाही.