मदत हवी आहे: माळकरी आई-बाबांना घेऊन रोटोरुआचं माओरी गाव

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन सोलापूरहून ताईकडे ऑकलंडला चाललोय. तिथून गाडीने तीनेक तासांवर रोटोरुआ. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, त्यांची संस्कृती बघायला तिथे जायचंय. तिथल्या ‘ते पुईया’ नावाच्या ठिकाणी पोहुतू गीझर (जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) आणि लाकडी कोरीवकामाची शाळा आहे. फाकारेवारेवा या गावात मात्र माओरी कुटुंबं आजही राहतात, गरम झऱ्यात मक्याची कणसं उकडतात. माझा कल दुसऱ्याकडे. नुसतं स्टेजवरचं नाचगाणं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

खरी अडचण जेवणाची. दोघंही माळकरी, कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. तिथलं खास जेवण हांगी, म्हणजे खड्ड्यात तापलेल्या दगडांवर मांस, रताळी, बटाटे रचायचे, वरून मातीने झाकायचं आणि वाफेवर शिजू द्यायचं. शाकाहारी ताट मिळतं म्हणे, पण ते त्याच खड्ड्यातलं की वेगळं शिजवलेलं?

दुसरं स्वागताचं. योद्धा भाला परजत, डोळे वटारत पुढे येतो, पाहुण्यांच्या म्होरक्याने खाली ठेवलेलं पान उचलायचं, आणि हसायचं अजिबात नाही. बाबांना म्होरक्या केलं तर हसू आवरेल याची हमी मी देत नाही! मग होंगी, म्हणजे नाकाला नाक, कपाळाला कपाळ. आईला अवघडल्यासारखं होईल. तिने नुसते हात जोडले तर वाईट दिसेल का?

गावातल्या लोकांना सोलापुरी चादर भेट द्यायचंही आईच्या मनात आहे. द्यायची कोणाच्या हातात? तिकीट खिडकीवर देणं बरं दिसत नाही.

शेंगाचटणी विमानतळावर डिक्लेअर करायची असते हे माहीत आहे, त्यावर सल्ले नकोत. वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर जरूर सांगा.