रातपाळी नको, एवढंच म्हटलं : मनाचा आजार आणि कामावरची सवलत

मनाच्या आजारामुळे कामावर कुणाकडे काही मागितलं असेल, तर लिहा. मिळालं नसेल तरी लिहा. गावाचं, माणसाचं नाव नको.

सुरुवात मीच करते. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नैराश्याची गोळी रात्री घेते, तिची गुंगी सकाळी उतरत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की परिपाठ माझ्याकडे. दोन वर्षं रडत निभावलं. मग डॉक्टरांना विचारून गोळी दहाऐवजी आठला घेऊ लागले आणि मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, परिपाठ गुरुजींना द्या, पोषण आहाराच्या नोंदी मी सांभाळते." ते म्हणाले, "एवढंच ना मॅडम? आधी काऊन नाही सांगितलं?"

*

वर्धा जिल्हा, जिनिंग. दिवाळीनंतर कापूस आला का रातदिवस सरकी काढाचे रेचे चालतेत. मले बायपोलर हाय, मन कधी लय चढते, कधी लय पडते. तीन राती जागलो का चौथ्या दिवशी बोलनं थांबत नाही, पैसा हातात राहत नाही. एका सीझनात बैलजोडी इकून आलो, घरी इचारलंबी नाही. डॉक्टरनं सांगतलं, झोप तुटली का हा आजार उठते. मुकादमाले म्हटलं, रातपाळी नको. तो म्हणे, "सगळेच असं म्हनतीन तं रेचे कोन चालवन?"

तोंडी सांगून भागत नाही, हे मले तवा समजलं. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरले म्हटलं, आजाराचं नाव टाकू नका, कामाचं लिहा. त्यायनं दोनच ओळी लिहिल्या : रात्रीची झोप आवश्यक, रातपाळी देऊ नये. झेरॉक्स मुकादमाले देल्ली, मूळ कागद घरी ठेवला. यंदा दिवसा सरकीवर लावलं. रातपाळीचा वरचा पैसा गेला, दोन पोरी शिकून राहिल्या, ते लागते मनाले. पन यंदाची संक्रांत घरच्यायनं भेव न धरता केली.

*

चंद्रपूरकडची आहे. मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध सुरू आहे. घामानं अंगातलं पाणी-मीठ गेलं की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. रोजगार हमीच्या कामावर मेटला, म्हणजे देखरेख करणाऱ्याला, म्हटलं, दादा, मी उजाडता येते, ऊन चढायच्या आत माझं माप घ्या आणि पाण्याजवळचा खड्डा द्या. बाया कुरकुरल्या. मेट म्हणाला, पाणी अन् सावली तर साऱ्यांसाठीच ठेवायची असते. मग कापड बांधलं, साऱ्याच बसू लागल्या.

*

पतसंस्थेत होते, अमरावती जिल्हा. फक्त व्यवस्थापकांना सांगितलं होतं. आठवड्याभरात किराणा दुकानात "बरी हायस ना?" सुरू झालं. माझ्याकडची कॅश काढून घेतली. मी जेवणानंतर दहा मिनिटं मागच्या खोलीत बसू द्या, इतकंच म्हटलं होतं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

*

सरकारी नोकरी, वाशीम जिल्हा. ओसीडी, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा येते आणि तपासणं थांबत नाही. अतिवृष्टीच्या पंचनाम्यातले आकडे मी वीस वीस वेळा तपासायचो, अहवाल उशिरा जायचे. दोन जादा दिवस आणि एका सहकाऱ्याची एकदाच नजर, एवढं मागितलं. उत्तरात कारणे दाखवा नोटीस आली. वकील मित्रानं दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 दाखवला. त्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही आहे. कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेनं योग्य त्या सोयी द्यायच्या असतात. आरक्षणाला 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, पण कलम 20 मध्ये ती अट नाही. 17 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं सीआरपीएफच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं आहे की मानसिक आजार असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई हाही भेदभाव ठरू शकतो. हे सगळं खुलाशात लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडला, आवक क्रमांक घेतला. नोटीस पुढे सरकली नाही. जादा दिवसही लेखी मिळाले नाहीत, पण सहकारी आता नजर टाकतो आणि मी कागद सोडून देऊ शकतो.

*

मी गावातली आशा सेविका आहो. घरोघरी लोकायले 14416 सांगते, टेली मानस, मनाच्या तरासासाठी सरकारचा फोन, फुकट हाय, मराठीत बोलतेत म्हनून. मागच्या महिन्यात रातच्याले मीच लावला. छातीत धडधड होते, मीटिंगमध्ये उभं राहून आकडे वाचाचे आले का आवाजच निंघत नाही. तुमचं सारं वाचलं. सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मीटिंग हाय. आमचं काम पाहनाऱ्या गटप्रवर्तक ताईले आधीच बाजूले घेतो अन् म्हनतो, ताई, माहे आकडे कागदावर घ्या, मले उभं करू नका.