मदत हवी आहे: कचऱ्यातली सुई टोचली, पेशंट कोण ते माहीत नाही

घणसोली_सिस्टर: छोट्या नर्सिंग होममध्ये सफाईच्या मावशींना संध्याकाळी साडेसातला पिवळ्या पिशवीतून बाहेर आलेली सुई टोचली. व्हेनफ्लॉनची (सलाईनसाठी शिरेत नळी घालताना वापरतात ती), आत रक्त होतं. हातमोजा असूनही बोटातून रक्त आलं. हिपॅटायटिस बीच्या लसीचा एकच डोस झालाय. स्पिरिट लावून टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) दिलंय, बाकीचं सकाळी बघू म्हणतात. चालेल का? त्यांना मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि लोहाची गोळी चालू आहे.

आयसीएन_ठाणे: नाही चालणार. एचआयव्हीचं पीईपी (लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. जखम वाहत्या पाण्यात साबणाने धुवा, बस. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीचही नको. पेशी दुखावतात, विषाणू काही बाहेर पडत नाही.

एआरटी केंद्रं (एचआयव्ही उपचाराची सरकारी केंद्रं) दिवसा चालतात. रात्री सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. तुम्हाला वाशीचं जवळ. निघण्याआधी फोन करून पहिला डोस आहे ना, ते विचारा. सुई पोकळ, आत रक्त दिसणारं, जखम रक्त येण्याइतकी, म्हणजे धोका जास्त. पेशंट माहीत नसला तरी पहिला डोस घेऊन ठेवावा, पुढे चालू ठेवायचं की नाही ते एआरटीचे डॉक्टर ठरवतील. ती सुई तपासायला पाठवू नका, त्यातून काही कळत नाही.

लॅबवाला_ऐरोली: सगळे एचआयव्हीलाच घाबरतात. टोचण्यातून त्याचा धोका ०.३ टक्के, तोही पेशंट बाधित असेल तर. हिपॅटायटिस बीचा मात्र लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के! एका डोसवर भिस्त ठेवू नका. एचबीआयजी (हिपॅटायटिस बीविरुद्ध तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत, उशिरात उशिरा सात दिवसांत. हिशोब किलोमागे ०.०६ मिली, म्हणजे ५० किलोला ३ मिली. पण कुपीची ताकद (आययू या एककात) वेगवेगळी असते, लेबल डॉक्टरांना दाखवूनच द्या. लसीचा पुढचा डोस त्याच वेळी, दुसऱ्या दंडात. कोर्स पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

आजच मावशींचं रक्त घ्या: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवू नका. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर पीईपीचे २८ दिवस झाल्यावर गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, त्यातलं टेनोफोव्हिर हे औषध थांबल्यावर यकृताची सूज उसळू शकते.

घणसोली_सिस्टर: निघतोय. गोळी कोणती असते? कामावर यावं का? नवऱ्याला सांगावं लागेल का?

आयसीएन_ठाणे: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. रोज एक, २८ दिवस. लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची, नाहीतर शोषणच होत नाही. मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. मळमळ झाली म्हणून मधेच सोडतात, तिथेच बहुतेकांचं बिनसतं.

काम करू दे. नवऱ्याला काय सांगायचं ते त्या ठरवतील. पुढच्या तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरावा, रक्तदान नको. एचआयव्ही पुन्हा सहा आठवडे, तीन आणि सहा महिन्यांनी. हिपॅटायटिस सीला प्रतिबंधक औषध नाही. तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए (विषाणूची थेट तपासणी), चार ते सहा महिन्यांनी अँटीबॉडी तपासणी. झालाच तर गोळ्यांनी बरा होतो.

लॅबवाला_ऐरोली: नोंदवहीत वेळ, सुईचा प्रकार, जखमेची खोली लिहा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं मालकाची जबाबदारी, आणि २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार पीईपीही. आणि सुई पिवळ्या पिशवीत जातेच कशी? ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, टोपण परत न लावता. डबा पाऊण भरला की बंद. व्हेनफ्लॉन लावल्यावर आतली सुई कापसाबरोबर ट्रेमध्ये राहते आणि कापूस उचलताना पिशवीत जाते. डबा बेडपाशीच न्या, तिथेच टाका.