‘साहाय्यक’ म्हणजे हाताखालची?

प्रश्न : भाचीच्या लग्नपत्रिकेवर बायबलमधलं वचन, उत्पत्ती २:१८, छापायचं ठरलंय. देव म्हणतो, मनुष्य एकटा असावा हे बरं नाही, त्याच्यासाठी ‘अनुरूप साहाय्यक’ करीन. प्रूफ बघताना भाची तिथेच थांबली. ती जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. म्हणाली, ‘मावशी, या शब्दाचा अर्थ मला ऑफिसात रोज कळतो. लग्नातही तोच?’ मला उत्तर देता आलं नाही. मूळ शब्द काय आहे?

उत्तर : ताई, मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’. त्याचा अर्थ साहाय्य, आधार. हे भाववाचक नाम आहे. हुद्दा त्यात कुठेच नाही. आपण शेवटी ‘क’ लावला आणि पदनाम तयार झालं. आता हाच शब्द इतरत्र बघा. स्तोत्र १२१ तुम्हाला पाठ असेल, डोंगरांकडे दृष्टी लावून ‘मला साहाय्य कोठून येईल?’ म्हणणारं. तिथलं ‘साहाय्य’ म्हणजे हेच एझेर, आणि ते येतं परमेश्वराकडून. स्तोत्र ३३ मध्ये देव आपलं साहाय्य आणि ढाल आहे, तिथेही एझेरच. मोशेने मुलाचं नाव अलियेजर (‘माझा देव एझेर’) ठेवलं, कारण देवाने साहाय्य करून त्याला मिसरचा राजा फारो याच्या तलवारीपासून वाचवलं. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागात, हा शब्द वीसेक वेळा येतो, आणि बहुतेक ठिकाणी तो देवासाठीच आहे. देवाला कुणी हाताखालचा म्हणेल का?

‘अनुरूप’साठी मुळात ‘केनेग्दो’ आहे. त्यातल्या ‘नेगेद’चा अर्थ समोर, सन्मुख. म्हणजे त्याच्या समोर उभं राहील असं साहाय्य. ‘अनुरूप’ म्हटलं की स्थळं बघताना म्हणतो तसं साजेसं वाटतं, आणि समोरासमोर उभं असणं निघून जातं. मला ‘तोलामोलाची’ जवळचा वाटतो.

आणि पुढच्याच ओळी वाचा. देव पहिल्या माणसासमोर, आदामासमोर, गुरं, पाखरं, रानातली जनावरं आणतो. आदाम सगळ्यांना नावं देतो, पण त्यांत केनेग्दो कुणी सापडत नाही. कामाला हातभार एवढंच हवं असतं तर बैल पुरला असता!

आणखी एक उत्तर : वरच्या उत्तराला जोडून. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी ‘नेगेद’मधला ‘विरुद्ध’ हा अर्थही धरतो : तो लायक असेल तर ती साहाय्य, नसेल तर त्याच्याविरुद्ध उभी. पण शब्दाचा अर्थ लागला म्हणून सगळं सुटलं असं कृपा करून म्हणू नका. बायबलमधल्याच गणना ३० मध्ये बायकोचा नवस नवरा रद्द करू शकतो. नव्या करारातल्या पहिल्या तीमथ्य या पत्रात आदाम आधी घडवला गेला, हेच कारण देऊन स्त्रीला शिकवायला मनाई आहे. तेही त्याच पुस्तकात आहे आणि मंडळीत आजही वाचलं जातं. ‘तो तुझ्यावर सत्ता चालवील’ हे वाक्य मात्र उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं, मना केलेलं फळ खाल्ल्यानंतरचं. दुसऱ्या अध्यायात सत्तेचा शब्द नाही, हे मी माझ्या मुलींना मुद्दाम उघडून दाखवलंय.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. भाचीला सगळं वाचून दाखवलं. बैलाच्या वाक्यावर ती बराच वेळ गप्प होती. शास्त्रातले छापलेले शब्द आम्ही बदलणार नाही. पत्रिकेवर वचन तसंच राहील, पण त्याच्या वर स्तोत्र १२१ च्या पहिल्या दोन ओव्या घालतोय. प्रूफ उद्या परत जाईल.