अंड्यांचा पर्यावरणीय भार: मोजणी तलंगांपासून हवी

शेडमधील वीज आणि वाहतूक मोजली की अंड्यांच्या पर्यावरणीय भाराचा अंदाज येतो, असे काही जण मानतात; हे मत मला अपुरे वाटते. जीवनचक्र मूल्यांकनात, म्हणजे कच्च्या मालापासून शेवटपर्यंतच्या सर्व टप्प्यांचा भार मोजण्याच्या पद्धतीत, सर्वांत मोठा वाटा बहुधा खाद्याचा निघतो. मका पिकवताना वापरलेल्या नत्रखतांतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो, आणि खाद्यातले सोयाबीन जंगल तोडून काढलेल्या जमिनीवरचे असेल तर आकडा आणखी चढतो.

अशा मोजणीत तलंगांचा, म्हणजे अजून अंडी देऊ न लागलेल्या तरुण कोंबड्यांचा, मुद्दा मात्र राहून जातो. कोंबडी साधारण १८ ते २० आठवड्यांची झाल्यावर अंड्यावर येते. तोवर तिने खाल्लेले खाद्य आणि पिल्लांना ऊब देण्यासाठी लागलेले इंधन यांचा भार पुढे मिळणाऱ्या अंड्यांवरच विभागावा लागतो. त्यामुळे तोच कळप अधिक काळ अंड्यावर राहिला, तर किलोमागे हा हिस्सा कमी होतो. अर्थात, वयाबरोबर उत्पादन घटते, कवच कमकुवत होऊन फूट वाढते आणि मरतूकही होते, म्हणून विभागणी अपेक्षित अंड्यांवर न करता प्रत्यक्ष विक्रीस गेलेल्या अंड्यांच्या वजनावर करावी, असा माझा आग्रह आहे.