मदत हवी आहे: धरणाआधीच्या कुर्डीचा टोपोशीट कुठे मिळेल?

मंडळी, गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात जाण्याआधीचा टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा सविस्तर नकाशा) कुणाकडे आहे का? आमची माणसं वालकिणीला पुनर्वसित झाली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांमुळे गावाचं नाव बाहेर माहीत आहे, पण मला हवेत ते वाडे, ओहोळ आणि पायवाटा. मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराच्या उत्सवाला सगळे जमतात आणि काकांचं-आत्याचं सुरू होतं. काका म्हणतात, खळं इथंच. आत्या म्हणते, छे, ओहोळापलीकडे!

सर्वेक्षण विभागाचे मोफत मिळणारे ओपन सिरीज नकाशे धरणानंतरचे, त्यात गावाच्या जागी नुसता निळा रंग. टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर अमेरिकन लष्कराची जुनी शीट्स आहेत, पण १:२,५०,००० प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. अख्खं गाव करंगळीच्या नखाखाली जातं. जुन्या क्रमांकांप्रमाणे हा भाग ४८ आय/४ मध्ये येतो. त्याची १:५०,००० ची जुनी आवृत्ती कुणी पाहिली आहे का? आणि ती क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) आजच्या उपग्रहचित्रावर बसवायची कशी?

प्रतिसाद: शीट मिळालं तर समासातलं पाहणीचं वर्ष बघा, छपाईचं नव्हे. नवी छपाई जुन्या पाहणीवरही असते. बसवताना डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार) एव्हरेस्ट निवडा, जुने नकाशे त्यावर आहेत. थेट आजचा जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ घेतलात तर सगळं सरकेल. खुणेला सोमेश्वराचं देऊळ घ्या, ते मूळ जागी आहे. महादेवाचं घेऊ नका! ते दगडन् दगड उतरवून धरणाजवळ नेलंय.

पण खळ्याचा वाद १:५०,००० वर मिटणार नाही, तिथे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात, बारीक तपशील दिसत नाही. १९६० ते १९७२ मधली अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर उपग्रहांची चित्रं आता खुली आहेत, यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या) साइटवर शोधा. ढग नसलेला फोटो मिळाला तर शेतं ओळखू येतील. नावं मात्र त्यात नसतात. त्यासाठी भूसंपादनाचे कागद काढा, त्यात सर्व्हे नंबर असतात.

धागाकर्ता: आभार. भूसंपादनाची नोटीस आत्याकडे आहे, नंबर बघून इथेच टाकतो. कोरोनाची चित्रं कुणी मागवली असतील तर किती दिवसांत मिळाली, तेवढं सांगा.