तापट साहेबाला सगळे सांगायचे, मवाळ साहेबाला कोणी काही सांगत नाही. मी कमी बोलणारी, आता सेक्शन माझ्याकडे येतोय

अंबड_क्वालिटी

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, 11 वर्षं झाली. येत्या 1 तारखेपासून मशीन शॉप माझ्याकडे येतंय. 14 सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), तीन शिफ्ट, 40 माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. कामाची भीती नाही. भीती आहे ती लोक मला खरं सांगतील का याची.

आमचे आधीचे साहेब तापट. शॉपमध्ये शिरले की मशीनच्या आवाजावर त्यांचा आवाज. एकदा सकाळी 7 वाजता थर्ड शिफ्टचा ऑपरेटर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात एक हाउसिंग. काही न बोलता त्याने भोकाचं माप तपासायचा प्लग गेज उचलला आणि त्याची नो-गोची बाजू बोअरला, म्हणजे हाउसिंगच्या भोकाला लावली. जी बाजू आत जायलाच नको, ती अलगद आत गेली. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजून बोअर लहान यायला लागला होता, म्हणून त्याने ऑफसेट दिला, म्हणजे मशीनचं माप सरकवलं, पण 20 मायक्रॉनऐवजी 50 ने. बोअर लहान असता तर पीस परत मशीनवर घेता आला असता. मोठा झाला की तो भंगारात. असे 34 पीस.

साहेब आले आणि तोंडाचा पट्टा सुटला. पाचेक मिनिटं कोणाचं काही चाललं नाही. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "कितव्या पीसला कळलं तुला?" तो म्हणाला, "शेवटच्या." "मग आधीच्या 33 ला का नाही कळलं?" तिथून निघालं की गेज एकच आहे, तो दोन मशीनमध्ये फिरतो, आणि त्या वेळी तो शेजारच्या मशीनवर होता. पुढच्या आठवड्यात दुसरा गेज आला. त्या ऑपरेटरचं नाव नंतर कधीही, कुठेही निघालं नाही. पगारवाढीच्या वेळीसुद्धा नाही.

आत्ताचे साहेब शांत आहेत. प्रत्येकाला नावाने हाक मारतात, घरच्यांची चौकशी करतात. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. मग तसाच प्रकार झाला, 12 पीस. साहेबांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." दुसऱ्या दिवशी साडेआठच्या मीटिंगला पडद्यावर त्या पोराचं नाव, मशीन नंबर, 12 पीस आणि शेजारी रुपयांत नुकसान. तो मागे दाराशी उभा होता. हातात कॉटन वेस्टचा बोळा होता, तो पिळत राहिला. मीटिंग संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

त्या दिवसापासून खराब पीस टाकायची आमची लाल बिन रिकामी असते. लाइनवर अँडॉनचे दिवे आहेत. अडचण आली की ऑपरेटरने पिवळा लावायचा, म्हणजे कोणीतरी मदतीला येतं. आठवडेच्या आठवडे पिवळा लागत नाही. कागदावर बघाल तर शॉप इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं. आणि महिन्याभराने ग्राहकाकडून तक्रार आली. आमची दोन माणसं तिकडे तीन दिवस बसून 6000 पीस एकेक करून तपासत होती.

मी स्वभावाने कमी बोलणारी. मला ओरडता येत नाही आणि गोड बोलून माणसं गोळा करणंही जमत नाही. आता मी लोकांना या साहेबांसारखीच वाटणार का? सेक्शन चालवायचा तर स्वभाव बदलावा लागतो का? ज्यांनी माणसं सांभाळली आहेत त्यांनी मनापासून सांगा.

---

सातपूर_निवृत्त

ताई, मी 1987 साली सातपूरला हेल्पर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. तापट, थंड, देवभोळा, हिशोबी, सगळ्या प्रकारचे साहेब बघितले. माझं मत सांगतो. कामगार साहेबाच्या स्वभावाशी जुळवून घेतो, फक्त तो स्वभाव रोज बदलता कामा नये. तुमचे जुने साहेब ओरडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओरडून झालं की विषय संपणार, हेही ठाऊक होतं. एवढं ठाऊक असलं की माणूस धीर करून सांगतो. नव्या साहेबांच्या हसण्यामागे उद्या काय निघेल ते कोणालाच ठाऊक नाही.

माझा अनुभव 2015 च्या सिंहस्थाचा. शाही स्नानाच्या दिवशी शहरातले रस्ते बंद. पंचवटीकडून येणारी आमची पोरं अडकणार हे दिसत होतं. आमचा मॅनेजर फार अबोल माणूस. कोणाच्या लग्नाला गेला तरी पाकीट देऊन निघायचा. आदल्या दिवशी येऊन म्हणाला, ज्यांना पोचता येणार नाही त्यांनी फोन करा, हजेरी लागेल. सात जण पोचले नाहीत. महिन्याची पगार स्लिप आली तेव्हा सगळ्यांनी आधी तेच बघितलं. हजेरी लागलेली. टाइम ऑफिसने कापली होती, त्याने स्वतः जाऊन भांडून लावून घेतली, हे आम्हाला नंतर क्लार्ककडून कळलं. तो स्वतः त्यावर एक शब्द बोलला नाही. त्यानंतर त्याने रविवारी या म्हटलं की कोणी "का" विचारत नसे.

म्हणून सांगतो, पहिल्या महिन्यात मोठं काही करायला जाऊ नका. रजा, ओव्हरटाइमचे तास, बुटाची जोडी. जे "करते" म्हणाल ते करा. आणि जे होणार नाही त्याला त्याच दिवशी "होणार नाही" म्हणा. "बघू" म्हणू नका. आमच्याकडे "बघू"चा अर्थ नाहीच असा होतो आणि वर आशा लावून ठेवल्याचा राग येतो.

---

थर्ड_शिफ्ट_सीएनसी

काकांचा मान राखून सांगतो, तापट साहेबांचं इतकं कौतुक करू नका. मॅडम, तुम्ही टेबलापलीकडून बघितलंत. मी दोन वर्षं ठेकेदाराकडून होतो. पर्मनंट माणसावर साहेब ओरडला तर त्याचं काय जातं? मागे युनियन आहे, घरी जाऊन विसरतो. ठेकेदाराच्या पोरावर ओरडला की संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येतो, "उद्यापासून दुसरीकडे जा." साहेबाने तसं सांगितलेलंही नसतं. ठेकेदार आवाज ऐकूनच समजून घेतो.

आमच्या शॉपलाही असाच एक रागीट साहेब होता आणि लोक म्हणायचे की मनाने निर्मळ आहे. असेल. पण मी त्याला एकदाही काही सांगायला गेलो नाही. माझ्या मशीनच्या चकमधून, म्हणजे पीस पकडणाऱ्या जबड्यातून, पीस सटकत होता, दोन दिवस मी जीव मुठीत धरून चालवली. चकचा दाब कमी झालाय एवढंच सांगायचं होतं. सांगितलं नाही, कारण आदल्या आठवड्यात एकाने "मशीन खराब आहे" म्हटलं तर "तुला चालवता येत नाही" ऐकून घेतलं होतं. पीस उडून दरवाज्याच्या काचेवर बसला. काच तडकली, मी वाचलो.

तर मॅडम, त्या 34 पीसवाल्याने सांगितलं तेव्हा तो पर्मनंट होता का ठेकेदाराचा, ते आठवून बघा. आणि त्याने आधी कोणाला सांगितलं तेही बघा. तो साहेबांकडे गेला नाही, तुमच्या टेबलाशी आला.

---

मानसशास्त्र_शिक्षिका

वरच्या उत्तरातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. अंबड_क्वालिटी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

मी कॉलेजात हा विषय शिकवते, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते ज्या तुम्हाला थेट उपयोगी आहेत. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका तपासत होत्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या चुका जास्त दिसल्या. खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीममध्ये नर्स चुका उघड बोलून दाखवत होत्या, आणि बाकीच्या वॉर्डांत त्या झाकल्या जात होत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी कारखान्यातल्या टीमवर निबंध लिहिला आणि त्यात टीममधल्या या निर्धास्तपणाची कल्पना नीट मांडली. तुमची रिकामी लाल बिन हे त्याचंच दुसरं टोक आहे.

स्वभावाबद्दल. व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे पैलू धरून 2002 मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात नेतृत्वाशी सगळ्यांत सातत्याने जोडलेला पैलू निघाला बहिर्मुखपणा. हे ऐकून अबोल माणसं खचतात. पण बोलक्या माणसाकडे नेता म्हणून पटकन लक्ष जातं, हेही त्यात येतं. माणूस नेता म्हणून उठून दिसणं वेगळं आणि त्याच्या हाताखाली काम चांगलं होणं वेगळं. 2011 मध्ये ग्रँट, जीनो आणि हॉफमन यांनी पिझ्झा पोचवणाऱ्या एका साखळीच्या 57 दुकानांचा अभ्यास केला. जिथे कामगार स्वतःहून सुचवणारे होते, तिथे कमी बहिर्मुख मॅनेजरच्या दुकानाचा नफा जास्त होता. जिथे कामगार सांगितलं तेवढंच करणारे होते, तिथे बोलका मॅनेजर चांगला ठरला. अबोल मॅनेजर सूचना ऐकून घेतो, बोलक्याला त्या कधी कधी आपल्यावर कुरघोडी वाटतात, असं त्यांचं स्पष्टीकरण.

तुम्हाला एकच काळजी घ्यावी लागेल. अबोल माणसाचा चेहरा समोरचा वाचतो आणि बहुतेक वेळा वाईटच वाचतो. तुम्ही गप्प राहिलात की ऑपरेटरला वाटणार, मॅडम रागावल्या. म्हणून कोणी वाईट बातमी आणली की पुढे काय होणार हे तोंडाने सांगा. "हे मी रजिस्टरला लिहिते, वर पीसची संख्या जाईल, तुझं नाव जाणार नाही." एवढं पुरतं. नाव जाणार असेल तर तेही आधी सांगा.

---

पनेट_आणि_पेटी

मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षांच्या पॅकहाउसला सुपरवायझर आहे. तुमच्या मशीन्समधलं मला काही कळत नाही, पण हाच प्रकार आमच्याकडे दर हंगामात होतो म्हणून लिहिते.

टेबलावर बाया घड साफ करतात, कात्रीने खराब मणी काढतात, 500 ग्रॅमच्या पनेटात भरतात. एखाद्या घडाच्या आत, देठाशी, एक मणी फुटलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, बोटाला ओलं लागतं तेवढंच. तो तसाच गेला तर जहाजातल्या प्रवासात सगळी पेटी खराब. ते ओलं फक्त त्या बाईच्या बोटाला कळतं, मला कधीच कळणार नाही. माझ्या आधीची सुपरवायझर असा घड दाखवला की म्हणायची, "इतका वेळ काय करत होतीस?" बायांनी दाखवणं बंद केलं. घड पनेटात उलटा ठेवायच्या, खराब बाजू खाली.

मी आल्यावर फक्त इतकं केलं की घड दाखवणाऱ्या बाईचं टेबल थांबलं तरी तिचा रोज तेवढाच धरायचा. मालक आधी कुरकुरले. आमच्या भागात 2010 ची आठवण सगळ्यांना आहे, लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली होती. त्यांना म्हटलं, दादा, फवारणीचं खरं काय ते शेतकऱ्याने तेव्हा कोणाला सांगितलं होतं का? ते गप्प झाले आणि हो म्हणाले.

तुमच्याकडे पीस खराब झाला की कोणाच्या पगारातून, बोनसमधून, हजेरी भत्त्यातून काही कापलं जातं का ते आधी बघा. कापलं जात असेल तर तुम्ही कितीही चांगल्या वागलात तरी कोणी सांगणार नाही.

---

अंबड_क्वालिटी

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मधे 1 तारीख येऊन गेली.

थर्ड_शिफ्ट दादा, आठवून बघितलं. तो पर्मनंटच होता. आणि त्या तापट साहेबांच्या काळात ठेकेदाराच्या एकाही पोराने साहेबांना थेट काही सांगितल्याचं मला आठवत नाही, सगळं माझ्याकडे यायचं. इतकी वर्षं लोक खरं सांगायचे याचं श्रेय मी साहेबांना देत होते, त्यात ही पोरं मला दिसलीच नव्हती. वाईट वाटलं. तुमच्या चकची गोष्ट वाचून पहिल्याच दिवशी मेंटेनन्सला घेऊन 14 मशीनचे दाब बघितले. दोन ठिकाणी कमी निघाले. दोन्ही मशीनवर ठेकेदाराची पोरं होती आणि दोघांनाही ते माहीत होतं.

पनेट ताई, आमच्याकडे रिजेक्शनवर महिन्याचा बक्षिसाचा आकडा ठरतो, 40 जणांचा एकत्र. म्हणजे एकाने सांगितलं की बाकी 39 त्याच्यावर चिडतात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते बदलणं माझ्या हातात नाही, पण एचआरला लेखी दिलंय.

मीटिंगचं मात्र झालं. साहेबांना मी एकटीने भेटले. मला वाटलं होतं वाद होईल. ते खरंच चकित झाले. ते आधी होते तिथे सगळी माहिती पडद्यावर दाखवायची पद्धत होती, त्यांना तो मोकळेपणा वाटायचा. त्या पोराला त्यांनी मनापासून शाबासकी दिली होती, आणि पडद्यावरचा तक्ता नेहमीसारखा आपोआप भरला गेला. "मला कोणी बोललं का नाही?" असं त्यांनी विचारलं. मी गप्पच राहिले, मग शिक्षिका मॅडमचं आठवून तोंडाने सांगितलं, "सर, तुम्ही हसत होतात, म्हणून." आता त्या रकान्यात नावाऐवजी मशीन नंबर आणि गेज नंबर येतो. ते त्या पोराशी जाऊन बोलले का, ते मला माहीत नाही. बोलावं असं मी त्यांना सुचवलंय.

सातपूरचे काका, "बघू" बंद केलंय. अवघड जातं. काल दोघांना रजा नाही म्हणाले, एकाचा चेहरा पडला.

काल सेकंड शिफ्टला पिवळा दिवा दोनदा लागला. पहिल्यांदा बोअर खरंच सरकत होता, चौथ्या पीसला कळलं. दुसऱ्यांदा काही नव्हतं, नव्या पोराने गेज तिरका धरला होता. मी गेज त्याच्या हातात सरळ धरून दाखवला आणि तीन पीस त्यालाच तपासायला लावले.